लाउशाचे डोळे : काच, रंग आणि माणसाची नजर

जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातल्या डोंगराळ जंगलात लाउशा नावाचे छोटे गाव आहे. अपघातात, युद्धात किंवा आजारात गमावलेला माणसाचा डोळा काचेत पुन्हा घडवण्याचा धंदा १९ व्या शतकात या गावाने उभा केला आणि तो युरोप-अमेरिकेत नेला. काचेच्या डोळ्याने दिसत नाही. तो घातलेला माणूस चारचौघांत वावरताना कोणाची नजर त्याच्या डोळ्यावर अडकू नये, एवढेच त्याचे काम. ते साधायचे तर डोळ्याचा रंग कशामुळे दिसतो, पाहणाऱ्याला तो कसा जाणवतो आणि दोन डोळ्यांतला फरक माणूस कशावरून टिपतो, हे कारागिराला कळावे लागते. प्रकाशाचे आणि आनुवंशिकतेचे शास्त्र ज्या प्रश्नांपर्यंत पुढे सावकाश पोहोचले, त्यांतले बरेचसे या धंद्याने आपल्या कामाच्या टेबलावर हाताळले होते.

लाउशापूर्वीचे कृत्रिम डोळे

कृत्रिम डोळ्याची कल्पना फार जुनी आहे. आग्नेय इराणमधल्या शहर-ए-सोख्ता येथील उत्खननात २००६ मध्ये एका स्त्रीच्या सांगाड्यात कृत्रिम नेत्रगोल सापडला. तो सुमारे ४,८०० वर्षांपूर्वीचा असून त्यावर सोन्याचे काम आहे. प्राचीन इजिप्तमध्ये पुतळ्यांना स्फटिकाचे डोळे बसवत. मेदूम येथे सापडलेल्या राहोतेप आणि नोफ्रेत यांच्या पुतळ्यांचे डोळे साडेचार हजार वर्षांनंतरही जिवंत वाटतात, कारण त्यांत रंगावर पारदर्शक स्फटिकाचा थर आहे. रंगावर पारदर्शक थर देण्याची ही युक्ती पुढे काचकारागिरांच्याही कामाचा पाया ठरली.

१६ व्या शतकात फ्रेंच शल्यचिकित्सक आंब्रवाझ पारे यांनी दोन प्रकारच्या कृत्रिम डोळ्यांचे वर्णन केले. एकात पापणी आणि डोळा यांचे चित्र काढलेला तुकडा डोक्याभोवतीच्या पट्टीने बाहेरून बसवत. दुसरा पापण्यांच्या आत घालायचा असे. तो सोन्याचांदीचा असून त्यावर मिन्याने बुबुळ रंगवलेले असे. काचेचे डोळे व्हेनिसमध्ये त्याच सुमारास बनू लागले होते. १८ व्या शतकात मात्र हा धंदा पॅरिसकडे गेला आणि शंभराहून अधिक वर्षे तिथेच राहिला. तिथले कारागीर मिन्याचे डोळे बनवत आणि आपल्या कृती गुप्त ठेवत. हाझार-मिरो यांनी १८१८ मध्ये कृत्रिम डोळ्यांवर सविस्तर ग्रंथ लिहिला, आणि पुढे ओग्युस्त ब्वासोनो हे या व्यवसायातले सर्वांत प्रसिद्ध नाव झाले. पॅरिसचे डोळे सुंदर होते, पण महाग होते. शिवाय अश्रूंमुळे मिन्याचा पृष्ठभाग लवकर खरखरीत होई. खरखरीत झालेला डोळा पापणीच्या आतल्या नाजूक त्वचेला टोचू लागे आणि काही महिन्यांतच तो बदलावा लागे.

काचेचे गाव आणि लुडविग म्युलर-उरी

लाउशाची काचभट्टी हान्स ग्रायनर आणि क्रिस्टोफ म्युलर यांनी १५९७ मध्ये सुरू केली. भट्टीसाठी लागणारे लाकूड आणि काचेसाठी लागणारी वाळू आसपास मुबलक होती, आणि भट्टीभोवतीच गाव वाढले. पुढे घराघरांत दिव्याच्या ज्योतीवर काचेच्या नळ्या तापवून छोट्या वस्तू फुंकण्याचे कसब रुजले. मणी, खेळणी आणि नाताळच्या झाडाला टांगायचे काचगोळे ही गावाची ओळख झाली. जवळचे झोनेबेर्ग हे बाहुल्या आणि खेळण्यांचे मोठे केंद्र होते. त्या बाहुल्यांना डोळे लागत आणि ते लाउशात बनत.

लुडविग म्युलर-उरी (१८११–१८८८) हे बाहुल्यांचे डोळे बनवणारेच कारागीर होते. व्युर्झबुर्गचे नेत्रतज्ज्ञ हाइनरिख आडेलमान यांनी १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना पॅरिसच्या डोळ्याइतका चांगला, पण स्वस्त डोळा बनवण्यास सुचवले. बाहुलीच्या डोळ्याला एकच निळा किंवा तपकिरी रंग चालतो, कारण त्याची तुलना कोणत्याही जिवंत डोळ्याशी होत नाही. माणसाच्या कृत्रिम डोळ्याशेजारी मात्र त्याच चेहऱ्यावरचा खरा डोळा कायम असतो. म्युलर-उरी यांनी वारंवार प्रयोग करून १८३५ मध्ये माणसाला वापरता येतील असे काचेचे डोळे तयार केले.

सुरुवातीची पांढरी काच हाडांची राख मिसळून केलेली होती. तिचा पृष्ठभागही अश्रूंपुढे फार टिकत नसे. उपाय सापडला तो दूरच्या ग्रीनलंडमधल्या खनिजात. क्रायोलाइट हे सोडियम आणि ॲल्युमिनियम यांचे फ्लोराइड तिथल्या इविट्टूट येथील खाणीतून युरोपात येऊ लागले होते. ते मिसळलेली काच डोळ्याच्या पांढऱ्या भागासारखी दुधाळ दिसते, हलकी असते, ज्योतीवर सहज आकार घेते आणि अश्रूंना बराच काळ दाद देत नाही. १८६८ मध्ये लाउशात क्रायोलाइट काचेचे डोळे बनू लागले. पॅरिसचे वर्चस्व संपले ते प्रामुख्याने या काचेमुळे.

जिवंत डोळ्याचा रंग

कारागिराला ज्याची नक्कल करायची होती ती रचना अशी आहे. प्रौढ माणसाचा नेत्रगोल सुमारे २४ मिलिमीटर व्यासाचा असतो. समोर पारदर्शक पारपटल असते. त्यामागे सुमारे १२ मिलिमीटर व्यासाचे रंगीत बुबुळ, म्हणजे परितारिका असते, आणि तिच्या मध्यभागी बाहुली. बाहुली हे केवळ छिद्र आहे. आत गेलेला प्रकाश आपल्याकडे फारसा परत येत नाही, म्हणून ती काळी दिसते. बुबुळातले स्नायू भर उजेडात बाहुली सुमारे २ मिलिमीटरपर्यंत आकुंचित करतात आणि अंधारात ती ८ मिलिमीटरपर्यंत मोठी होऊ देतात. आत शिरलेला प्रकाश भिंगातून दृष्टिपटलावर पडतो. तिथल्या दंडपेशी मंद उजेडात काम करतात आणि तीन प्रकारच्या शंकुपेशी रंग ओळखतात. रंग ओळखणारे घटक तीनच असावेत, असे थॉमस यंग यांनी १८०२ मध्ये मांडले होते. हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी ती उपपत्ती पुढे विकसित केली.

बुबुळाचा रंग मेलॅनिन या एकाच रंगद्रव्यावर अवलंबून असतो. बुबुळाच्या मागच्या थरात ते सर्वांनाच भरपूर असते. फरक असतो तो पुढच्या थरांमध्ये. तिथे मेलॅनिन जास्त असेल तर बराचसा प्रकाश शोषला जातो आणि डोळा तपकिरी किंवा काळसर दिसतो. ते फार कमी असेल तर बुबुळातले सूक्ष्म तंतू प्रकाश विखुरतात. आखूड लांबीच्या लहरी अधिक विखुरल्या जाऊन पाहणाऱ्याकडे परततात, लांब लहरी मागच्या गडद थरात शोषल्या जातात आणि डोळा निळा दिसतो. निळ्या डोळ्यात निळे रंगद्रव्य नसते. हिरवट आणि घाऱ्या डोळ्यांत थोडे मेलॅनिन आणि हे विखुरणे, दोन्हींचा परिणाम एकत्र दिसतो. युरोपीय वंशाची अनेक बाळे जन्मतः निळसर डोळ्यांची असतात आणि पहिल्या वर्षात मेलॅनिन वाढून त्यांचे डोळे गडद होतात. बाळांच्या डोळ्यांच्या या निळसरपणाची नोंद ॲरिस्टॉटलनेही केली होती.

थोडक्यात, डोळ्याचा रंग हा सपाट रंग नसून त्याला खोली असते. प्रत्येक बुबुळात बाहुलीपासून कडेकडे जाणारे तंतू, मधले खळगे, बाहुलीभोवतीचे वेगळ्या छटेचे कडे आणि बाहेरची गडद किनार असते. त्यांची जुळणी माणसागणिक निराळी असते, आणि एकाच माणसाच्या दोन डोळ्यांतही ती अगदी सारखी नसते.

काचेत बुबुळ कसे घडते

लाउशाच्या पद्धतीत क्रायोलाइट काचेची नळी ज्योतीवर तापवून तिच्या टोकाला गोळा फुंकतात. गोळ्याच्या माथ्यावर आधी बुबुळाचा मूळ रंग देतात. मग रंगीत काचेच्या बारीक कांड्या वितळवत तंतूंच्या रेषा एकेक करून ओढतात. मध्ये काळ्या काचेचा ठिपका ठेवून बाहुली बनवतात आणि या सगळ्यावर स्वच्छ पारदर्शक काचेचा थर चढवतात. हा थर पारपटलाचे काम करतो. त्यातून वाकून आलेला प्रकाश रेषांना खोली देतो. पांढऱ्या भागावर लाल काचेच्या केसासारख्या धाग्यांनी रक्तवाहिन्या काढतात. वयस्कर माणसाच्या डोळ्याचा पांढरा भाग पिवळसर होतो, म्हणून तिथली छटाही वयाप्रमाणे निवडावी लागते.

रंगीत बुबुळ असलेले अर्धवट गोळे कारागीर आधीच मोठ्या संख्येने करून ठेवतो. रुग्ण आला की त्याच्या खऱ्या डोळ्याशी सर्वांत जुळणारा गोळा निवडतो आणि रुग्णाला समोर बसवूनच उरलेले काम पूर्ण करतो. शेवटी गोळ्याचा नको असलेला भाग वितळवून काढतो, खोबणीत बसेल असा वाटीसारखा आकार देतो, कडा गुळगुळीत करतो आणि काच तडकू नये म्हणून डोळा हळूहळू थंड होऊ देतो. या शेवटच्या टप्प्याला तासाभराच्या आसपास वेळ पुरतो, पण तो हात तयार व्हायला अनेक वर्षांची उमेदवारी लागते.

म्युलर-उरी यांचे पुतणे फ्रीड्रिख ॲडॉल्फ म्युलर यांनी ही विद्या लाउशाबाहेर नेली. १८७५ मध्ये त्यांनी आपली संस्था वीसबाडेनला हलवली. त्या शहरात अलेक्झांडर पागेनस्टेखर यांचे नामांकित नेत्ररुग्णालय होते. कारागीर आणि नेत्रशल्यचिकित्सक यांच्या शेजारामुळे या धंद्याला वैद्यकशास्त्रात मान मिळाला. याच संस्थेत १८८७ च्या सुमारास पापणीचा भाग गमावलेल्या एका रुग्णाच्या उघड्या पडलेल्या डोळ्याला संरक्षण म्हणून काचेची पातळ वाटी बनवली गेली. मध्यभागी पारदर्शक असलेली ती वाटी आजच्या कॉन्टॅक्ट लेन्सची पूर्वज मानली जाते.

शस्त्रक्रिया, हालचाल आणि नजर

१९ व्या शतकाच्या मध्यापर्यंत कृत्रिम डोळा बहुधा आक्रसलेल्या मूळ डोळ्यावरच बसवत. १८४१ मध्ये फ्रान्सचे बोने आणि डब्लिनचे ओफेरल यांनी स्नायू जपून केवळ नेत्रगोल काढण्याच्या पद्धती मांडल्या. दुखावलेला डोळा तसाच ठेवला तर काही वेळा दुसराही दाहाने निकामी होतो, हा धोका ओळखल्यामुळे ही शस्त्रक्रिया पुढे वाढत गेली. मात्र नेत्रगोल काढल्यावर खोबण खोल जाई आणि वाटीसारखा पातळ डोळा आत रुतल्यासारखा दिसे. फिलिप म्यूल्स यांनी १८८५ मध्ये डोळ्याच्या पांढऱ्या कवचात काचेचा गोल बसवण्याची कल्पना मांडली. त्यामुळे खोबण भरली आणि कृत्रिम डोळ्याला थोडी हालचालही मिळाली. १८९८ मध्ये नेदरलँड्समधले नेत्रतज्ज्ञ स्नेलेन यांच्या सूचनेवरून म्युलर यांच्या संस्थेने दुहेरी भिंतीचा पोकळ डोळा बनवला. तो खोबण भरून काढत असूनही हलका होता.

हालचालीला एवढे महत्त्व येण्याचे कारण माणसाच्या डोळ्याच्या बाह्य रचनेत आहे. माणसाच्या डोळ्याचा पांढरा भाग इतर वानरगणांच्या तुलनेत ठळक आणि बराच उघडा असतो. जपानी संशोधक कोबायाशी आणि कोशिमा यांनी १९९७ मध्ये अनेक प्रजातींची तुलना करून हे दाखवले. या पांढऱ्या पार्श्वभूमीमुळे समोरचा माणूस कुठे पाहतो आहे ते दुरूनही कळते. जिवंत डोळे सहा-सहा स्नायूंच्या जोरावर एकत्र वळतात. त्यातला एक मागे राहिला तर पाहणाऱ्याला तो फरक छटेतल्या फरकाच्या आधी जाणवतो. म्हणून बोलताना केवळ डोळे न वळवता मान वळवून पाहण्याची सवय कृत्रिम डोळा वापरणारे अनेकजण करून घेतात.

पाहणाऱ्याला दिसणारा रंग

डोळ्याचा रंग पाहणाऱ्याच्या डोळ्यातही ठरतो. बोलण्याच्या अंतरावरून बुबुळातल्या बारीक रेषा सुट्या दिसत नाहीत. बाहुलीभोवती तपकिरी कडे आणि बाहेर निळसर पट्टा असेल तर दोन्ही मिसळून डोळा हिरवट भासतो. शेजारच्या रंगाचाही परिणाम होतो. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात काम करणारे रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रोल यांनी १८३९ च्या ग्रंथात दाखवले की एकच रंग वेगवेगळ्या रंगांशेजारी वेगळा दिसतो. भुवईची सावली, अंगावरचे कपडे, सूर्यप्रकाश किंवा दिव्याचा पिवळा उजेड यांमुळे तोच डोळा कधी करडा तर कधी निळा वाटतो.

बाहुलीच्या आकाराने तर मोठीच फसगत होते. बाहुली मोठी झाली की बुबुळाचा पट्टा अरुंद होतो आणि डोळा गडद वाटतो. इंग्लिश गायक डेव्हिड बोवी यांची एक बाहुली तरुणपणीच्या दुखापतीने कायमची मोठी झाली होती. त्यांचे दोन्ही डोळे निळे असूनही ते दोन रंगांचे असल्याचा समज जगभर पसरला. काचेच्या डोळ्याची बाहुली बदलत नाही. म्हणून कारागीर दिवसाच्या साध्या उजेडातला मधला आकार निवडतो. भर उन्हात आणि रात्री दोन डोळ्यांत थोडा फरक पडतो, तो स्वीकारावाच लागतो.

रंगांचे तक्ते आणि त्यांचा गैरवापर

१९ व्या शतकाच्या उत्तरार्धात डोळ्यांच्या रंगाचे वर्गीकरण करण्याचा उद्योग सुरू झाला. फ्रान्समध्ये पॉल ब्रोका यांनी रंगांचा छापील तक्ता केला. पॅरिस पोलिसांत काम करणाऱ्या आल्फोन्स बेर्तियाँ यांनी गुन्हेगारांची ओळख पटवण्यासाठी बुबुळातल्या रंगद्रव्याप्रमाणे वर्ग पाडले. कागदावरचा सपाट रंग खऱ्या डोळ्याशी नीट जुळेना, तेव्हा मानवशास्त्रज्ञ काचेकडे वळले. रुडॉल्फ मार्टिन यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यात काळपट तपकिरीपासून निळ्यापर्यंत १६ काचेचे डोळे ओळीने बसवलेले होते. रुग्णांसाठी वाढलेली कारागिरी अशा रीतीने माणसे मोजण्याचे साधन बनली.

या मोजणीतून वंशांच्या सीमारेषा सापडतील अशी अनेकांची अपेक्षा होती. रुडॉल्फ फिर्खो यांनी जर्मनीतल्या सुमारे ६७ लाख शाळकरी मुलांच्या केसांच्या, त्वचेच्या आणि डोळ्यांच्या रंगांची पाहणी करून १८८६ मध्ये निष्कर्ष मांडले. निम्म्याहून अधिक मुले मिश्र प्रकारची निघाली. गोरी, निळ्या डोळ्यांची आणि सोनेरी केसांची मुले सुमारे ३२ टक्केच होती, आणि ज्यू मुलांमध्येही असा वर्ण असणारी सुमारे ११ टक्के होती. शुद्ध वंशाच्या कल्पनेला या आकड्यांत आधार नव्हता. तरीही पुढच्या पिढीने तीच कल्पना पुढे रेटली. नाझी राजवटीत आउशवित्झच्या छळछावणीत मारल्या गेलेल्या, दोन डोळ्यांचे रंग वेगळे असलेल्या सिंती मुलांचे आणि प्रौढांचे डोळे बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत अभ्यासासाठी पाठवले गेले. डोळ्याच्या रंगाच्या अभ्यासातले हे सर्वांत अमानुष पर्व होय.

याच बर्लिनच्या संस्थेत, नाझी सत्तेवर येण्याआधी, इरावती कर्वे यांनी ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली. त्याआधी मुंबईत गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहिला होता. बर्लिनमध्ये कवट्यांची असममिती वंशाशी जोडण्याची अपेक्षा असताना तसा संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. महाराष्ट्रात घारे डोळे म्हटले की कोकणस्थ आठवतात. प्रत्यक्षात घाऱ्या छटा इतर अनेक जातींत आणि प्रदेशांत आढळतात, आणि कोकणस्थांतही बहुसंख्य डोळे तपकिरीच असतात.

आनुवंशिकता

डेव्हनपोर्ट दांपत्याने १९०७ मध्ये अमेरिकेत आणि हर्स्ट यांनी १९०८ मध्ये इंग्लंडमध्ये डोळ्यांच्या रंगाला मेंडेलचा साधा नियम लावला : तपकिरी प्रभावी, निळा अप्रभावी. हा नियम अनेक दशके पाठ्यपुस्तकांत शिकवला गेला. त्यावरून निळ्या डोळ्यांच्या आईवडिलांना तपकिरी डोळ्यांचे मूल होऊच शकत नाही असे लोक समजू लागले. ते खरे नाही, क्वचित तसे घडते. २००८ मध्ये दिसून आले की १५ व्या गुणसूत्रावरच्या एचईआरसी-२ जनुकातला एक बदल शेजारच्या ओसीए-२ जनुकाचे काम मंदावतो, मेलॅनिन कमी होते आणि डोळा निळा दिसतो. २०२१ मध्ये सुमारे १,९५,००० लोकांच्या अभ्यासातून डोळ्याच्या रंगाशी निगडित ६१ जनुकीय ठिकाणे समोर आली. रंगांचे सोळा कप्पे किंवा दोन पर्याय अपुरे का पडतात, त्याचे उत्तर या गुंतागुंतीत आहे.

प्लॅस्टिकचा काळ

दुसऱ्या महायुद्धात जर्मन डोळ्यांची आयात थांबली आणि जखमी सैनिकांची संख्या मात्र वाढत गेली. अमेरिकी लष्करातल्या दंतविभागाने कवळ्यांसाठी वापरले जाणारे ॲक्रिलिक घेऊन डोळे बनवले. रंग हाताने भरायचे, रक्तवाहिन्यांसाठी लाल धागे बसवायचे आणि वर पारदर्शक ॲक्रिलिकचा थर द्यायचा. क्रम तोच होता, साहित्य बदलले. ॲक्रिलिकचा डोळा पडला तर फुटत नाही, खोबणीचा साचा घेऊन नेमका बसवता येतो आणि अधूनमधून पॉलिश केला तर काही वर्षे टिकतो. काचेचा डोळा सामान्यतः वर्ष-दोन वर्षांत बदलावा लागतो. भारतासह बहुतेक देशांत आज ॲक्रिलिकचेच डोळे बसवले जातात. जर्मनीत मात्र काचेची परंपरा चालू आहे, कारण काच अश्रूंनी सहज ओली राहते आणि जिवंत डोळ्यासारखी चमकते.

साहित्य कोणतेही असो, कामाची रीत बदललेली नाही. आजही रुग्णाला उजेडात समोर बसवून त्याच्या दुसऱ्या डोळ्याकडे पाहतच बुबुळ रंगवले जाते. तक्त्यांनी माणसांना रंगांच्या कप्प्यांत बसवण्याचा प्रयत्न केला, तर कारागिरांनी रंग त्या एका माणसापुरता शोधला. डोळ्याच्या रंगाबद्दल जे कळले आहे ते कारागिरांच्या बाजूने साक्ष देते : हा रंग थरांचा, प्रकाशाचा आणि पाहणाऱ्याच्या नजरेचा मिळून बनतो, आणि त्यावरून माणसाचे कुळ किंवा योग्यता ठरवता येत नाही.